आधी फाल्गुनराव, मग झुंजारराव

हौशी मंडळी नाटक निवडायला बसली की पहिला प्रश्न निघतो तो बायका किती. दुसरा, सेट किती. तिसरा, लेखकाचं मानधन किती. आशय, विषय वगैरे शब्द चहाची दुसरी फेरी येईपर्यंत कुणी काढत नाही, आणि कुणी काढलाच तर आमचे अण्णा, म्हणजे आमचे नेपथ्यकार, चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. या बैठकांना मी गेली तीसेक वर्षं बसते आहे. शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा रविवारी बसायचे, आता निवृत्त झाल्यावर कधीही. एवढ्या वर्षांत माझा जीव सगळ्यात जास्त रमला तो मात्र चौथ्याच एका प्रश्नात : याच्या जोडीला दुसरं कुठलं?

प्रश्न निघतो तो व्यवहारातून. नाट्यगृहाचं भाडं सत्राचं असतं. तुम्ही पन्नास मिनिटांची एकांकिका करा नाहीतर तीन अंक करा, सत्र तेवढंच आणि डिपॉझिटही तेवढंच. प्रेक्षकाचं गणितही तसंच. रिक्षा करून, स्वयंपाक लवकर उरकून आलेली बाई पन्नास मिनिटांत घरी जायला तयार नसते. म्हणून दोन. आणि दोन म्हटलं की कुठली दोन, आणि त्यातलं आधी कुठलं, इथून वाद सुरू होतात ते प्रयोगाच्या दिवशी मेकअपच्या खोलीत संपतात. कधी तिथंही संपत नाहीत.

त्यातून आम्ही सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावात नाटकाबद्दल मत नसलेला माणूस जन्माला आलेला नाही. भाजीवालीलाही मत असतं, आणि पुष्कळदा ते बरोबर असतं.

माझी पहिली जोडी सपशेल पडली. दोन एकांकिका होत्या, दोन्ही चांगल्या, दोन्ही म्हातारपणाच्या. मला वाटलं, एका विषयाच्या दोन बाजू. पहिलीवर लोक रडले. दुसरीवर खुर्च्या वाजू लागल्या. मध्यंतरात गेलेले काही जण चहाच्या टपरीवरून परत आलेच नाहीत. माझी एक मावशी शेवटपर्यंत बसली ती नात्याखातर. बाहेर पडताना म्हणाली, "अगं, एकाच संध्याकाळी दोनदा म्हातारं व्हायचं का माणसानं?"

मावशीनं एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला आणखी चार-पाच वर्षं लागली. 'नटसम्राट' १९७० चं, 'संध्याछाया' १९७३ चं. कागदावर यांच्याइतकी जुळणारी जोडी मिळायची नाही. एकात आईबाप सगळं मुलांना देऊन बसतात आणि मुलांच्या घरात त्यांना जागा उरत नाही. दुसऱ्यात घर आहे, जागाच जागा आहे, मुलं नाहीत. दोन्ही नाटकं मी अनेकदा पाहिली आहेत, पुन्हा पाहीन. पण दुपारी एक आणि रात्री दुसरं असं कुणी लावलं तर मी दुपारीच घरी येईन. ओल्या फडक्यानं डोळे पुसण्यातला तो प्रकार आहे. पहिल्या नाटकानं मनात जे कालवलं, तेच दुसरं नाटक पुन्हा कालवतं. त्यात काही मोडत नाही, काही उलटंही करत नाही. विषय एक असणं हे जोडीचं कारण होऊ शकत नाही, हे मी तिथं शिकले. मावशीला ते न शिकताच ठाऊक होतं, कारण ती कीर्तनं ऐकत वाढली होती.

कीर्तन म्हणजे जोडीचाच खेळ. लहानपणी आजोबा मला गणपतीच्या देवळात कीर्तनाला न्यायचे. पूर्वरंगात बुवा अभंग घ्यायचे, त्याचं निरूपण करायचे. मी आजोबांच्या मांडीला टेकून झोपायची. मध्ये बुवांना हार घालायचे, बुक्का लावायचे, त्या गडबडीत मला जाग यायची ती थेट उत्तररंगाच्या आख्यानाला. मोठी झाल्यावर पूर्वरंगातही जागी राहू लागले, तेव्हा लक्षात आलं की आख्यान हे निरूपणाचं नुसतं उदाहरण नसतं. कच्चा कीर्तनकार ते तसं लावतो. मुरलेला बुवा देव भक्ताला काही कमी पडू देत नाही असं तासभर पटवून देतो, आणि मग हरिश्चंद्राला काशीच्या घाटावर विकायला उभा करतो. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, की अरे, मघाशी तर वेगळंच सांगत होता! शेवटी बुवा मूळ अभंगावर परत येतात. शब्द तेच असतात, पण ते ऐकणारी मी आता तासापूर्वीची नसते.

आपल्या रंगभूमीनंही ही युक्ती जुन्या काळापासून केली आहे, जरा गल्ल्यावर डोळा ठेवून. एकोणिसाव्या शतकातल्या मंडळ्या देव-राक्षसांचा पौराणिक खेळ संपला की वर एक फार्स करायच्या. रात्रभर मुखवटे, तलवारी, आरोळ्या. आणि मग एकदम आपल्याच आळीतला नवरा, आपल्याच आळीतली बायको. तिकडे अथेन्समध्ये तर तो नियमच होता. तीन शोकांतिका झाल्या की त्याच कवीनं चौथं एक वाह्यात नाटक करायचं, अर्धपशू झालेल्या सोंगाड्यांचं. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलसनं 'ओरेस्टिया'ची तीन नाटकं केली, त्यांच्या पाठोपाठचं 'प्रोटिअस' हरवलं. या जातीची जवळजवळ सगळीच नाटकं हरवली. पूर्ण हाती आहे ते युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स' एवढंच. गंभीर ते जपून ठेवायचं आणि हसरं ते वाऱ्यावर सोडायचं, ही सवय फक्त आपलीच नाही.

लंडनमध्ये १९४५ साली लॉरेन्स ऑलिव्हिए एका रात्रीत आधी ईडिपस करायचे, डोळे फोडून घेतलेला, आणि मध्यंतरानंतर शेरिडनच्या 'द क्रिटिक' मधला बडबड्या मिस्टर पफ. याची वर्णनं वाचताना लोक हरखून जातात. मला ती जोडी पटत नाही. ती नटाची जोडी आहे, नाटकांची नव्हे. ईडिपसवाचून पफचं काही अडत नाही आणि पफवाचून ईडिपसचं तर नाहीच.

(जोड-नाटक म्हटलं की आमच्याकडे कुणीतरी 'संयुक्त मानापमान' काढतोच. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. पण तिथं मंडळ्या दोन आणि नाटक एक होतं. आमचं उलटं, नाटकं दोन आणि मंडळी एक, तीही अपुरी.)

मला पहिल्यांदा जमलेली जोडी भासाची. टी. गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून भासाची तेरा नाटकं छापली, त्यांत महाभारतावरच्या पाच एकांकी आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी त्यांतल्या दोन उचलल्या, मराठी करून घेतल्या. कारण अगदी साधं : मुलगे पुष्कळ होते आणि मुखवटे करायला कलाशिक्षक उत्साही होते.

'मध्यमव्यायोगा'त घटोत्कच आईच्या पारण्यासाठी माणूस शोधायला निघालेला आहे. रानात त्याला एक ब्राह्मण भेटतो, सोबत बायको आणि तीन मुलगे. एक मुलगा दे, बाकीच्यांना सोडतो, असा सौदा. थोरला बापाला हवा, धाकट्याला आई मिठी मारून बसते, उरतो मधला. तो पाणी प्यायला म्हणून जातो, त्याला उशीर होतो, घटोत्कच "मध्यमा, ए मध्यमा" म्हणून हाका मारतो, आणि हाकेला ओ देत येतो भीम, कारण कुंतीच्या मुलांतला मधला तोही. पोराच्या जागी तो स्वतः जायला तयार होतो. पुढे बाप-लेकाची ओळख पटते आणि सगळं गोड होतं. याला जोडून घेतलं 'ऊरुभंग'. दुर्योधनाच्या मांड्या मोडलेल्या आहेत. धृतराष्ट्र, गांधारी त्याला शोधत येतात, आणि त्यांच्याबरोबर त्याचा लहानगा दुर्जय. पोराला नेहमीसारखं बापाच्या मांडीवर बसायचं आहे. बाप त्याला थांबवतो.

पोरं कमी पडली म्हणून आईनं मिठीत धरून ठेवलेला धाकटा आणि दुर्जय ही दोन्ही कामं मी एकाच मुलाला दिली. पाचवीतला होता, दात पडलेले. पहिल्या नाटकात त्याला कुणी हात लावू देत नाही, आई त्याला सोडतच नाही. दुसऱ्यात तो पळत येतो आणि बसायला मांडीच नाही. मी यातलं काही ठरवलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला पालक बसलेले होते तिथून जो आवाज आला, तो ऐकून मला कळलं की काय झालं आहे. आणि भीम! अर्ध्या तासापूर्वी ज्याला टाळ्या पडल्या, परक्याच्या पोरासाठी मरायला निघालेला, त्यानंच ही मांडी फोडली. 'ऊरुभंगा'त तो रंगमंचावर येतच नाही, गदायुद्धाचं वर्णन तिघे सैनिक करतात. तो समोर आला असता तर लोकांनी त्याला माफ तरी केलं असतं. या जोडीचा क्रम उलटा केला तर काहीच उरत नाही, हेही मी नंतर करून पाहिलं. मेलेल्या दुर्योधनानंतर घटोत्कचाची भूक लोकांना बालनाट्य वाटली.

मग आले देवल.

हरिपूर म्हणजे आमच्या सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं गाव. गोविंद बल्लाळ देवल तिथले. लोकांना 'शारदा' ठाऊक असते, ती १८९९ ची. म्हणूनच हरिपूरचा पार दाखवायला पाहुण्यांना नेतात. पण देवलांच्या नाटकांची यादी सनावळीप्रमाणे वाचताना मी एके दिवशी एका जागी अडखळले. 'झुंजारराव' १८९०. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' १८९३. पहिलं म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो, मराठी वेशात. दुसरं मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल' पासून निघून, आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकातून फिरून, देवलांकडे आलेलं. यालाच पुढे पदं घालून 'संगीत संशयकल्लोळ' झालं आणि १९१६ साली ते गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. देवल गेले तेही त्याच वर्षी.

म्हणजे एकाच माणसानं तीन वर्षांच्या अंतरानं बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याची दोन नाटकं मराठीत आणली. एकात ती मरते. दुसऱ्यात लोक पोट धरून हसतात, गेली शंभरांहून जास्त वर्षं हसताहेत. जोडी देवलांनीच लावून ठेवली होती. फक्त एका संध्याकाळी बसवायची राहिली होती.

बैठकीत मांडल्यावर अण्णांनी पहिल्यांदाच चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. लेखक १९१६ साली वारलेला, मानधन शून्य. बायकाही जमण्याजोग्या. सेटचं म्हणाल तर एक रस्ता, एक खिडकी, एक दिवाणखाना. खिडकी दोन्हीकडे चालली. प्रत्येक नाटक सव्वा तासात बसवायचं ठरलं. इथं पहिलं भांडण झालं, कारण 'संशयकल्लोळ' कापायचं म्हणजे पदं कापायची, आणि सांगलीत पद कापणं हा जवळजवळ फौजदारी गुन्हा आहे. मी पाच ठेवली. एक वयस्कर गृहस्थ प्रयोगानंतर विंगेत येऊन मला न ठेवलेली सगळी पदं क्रमानं म्हणून दाखवून गेले. सुरेल म्हणत होते, त्यामुळे रागावता आलं नाही.

दोन्ही संहिता समोरासमोर ठेवून वाचायला बसलो तेव्हा ज्या गोष्टी दिसल्या त्या एकेकटं नाटक शिकवताना मला कधी दिसल्या नव्हत्या. एकात रुमाल आहे, दुसऱ्यात तसबीर. रुमाल नायिकेच्या हातून पडतो. तसबीर इकडच्या नायिकेच्या, रेवतीच्या हातून, तिला भर रस्त्यात घेरी येते तेव्हा. दोन्ही वस्तू उचलते ती कुणाची तरी बायको : तिकडे खलनायकाची, इकडे फाल्गुनरावाची कृत्तिका. पण पुढे वाटा फुटतात. ऑथेल्लोच्या कानात विष ओतायला इयागो लागतो. देवलांनी त्याचा जाधवराव केला. फाल्गुनरावाला बाहेरून कुणी लागतच नाही. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या मुलीला सावरण्याचं चांगलं काम करून तो घरी येतो, बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघतो, आणि तिथून पुढचं सगळं तो स्वतःच रचतो. त्याचा जाधवराव त्याच्याच डोक्यात भाड्यानं राहतो. पात्रसंख्येत एक वाचला, असं अण्णा म्हणाले.

इथवर मी वाचलेलं. खरी गोष्ट सांगितली ती कृत्तिका आणि झुंजाररावाची बायको कमळजा, दोन्ही करणाऱ्या मुलीनं. विमा कचेरीत नोकरी करते, तालमीला डबा घेऊन यायची. एका रात्री कमळजेच्या शेवटच्या प्रवेशाची तालीम चालली होती, तिला ती जमत नव्हती, रडू येत होतं पण खोटं. ती थांबली आणि म्हणाली, "ताई, कृत्तिका नवऱ्याला जे सुनावते ना, त्यातलं एक वाक्य जरी हिला दिलं असतं तरी ही वाचली असती."

मी वहीत लिहून घेतलं. कारण मुद्दा तोच आहे. कृत्तिकाही नवऱ्यावर संशय घेते. तिनं खिडकीतून त्याला रेवतीला सावरताना पाहिलेलं आहे. तो तसबीर पुढे करतो तेव्हा ती रस्त्यावरची बाई पुढे करते. त्यानं एक पाऊल टाकलं की ही दोन टाकते. संशयाची वाटणी सारखी झालेली आहे, म्हणून ते हसू आहे. कमळजेच्या वाट्याला संशय आलेलाच नाही. नवरा का चिडला हे तिला कळत नाही. काहीतरी राजकारणाचं असेल, म्हणून ती त्याला आणखी सांभाळून घेते. आम्ही शाळेत हिला सोशिक म्हणून शिकवत आलो, कृत्तिकेला भांडखोर म्हणून. तीस वर्षं मी मुलींना काय शिकवलं, असा विचार त्या रात्री रिक्षात मनात आला. तो तिथंच सोडते, कारण तो दुसरा लेख आहे.

आता क्रम. कमिटीचं एकमत होतं : आधी झुंजारराव, मग संशयकल्लोळ. प्रेक्षकाला हसत घरी पाठवायचं, आपली परंपरा भरतवाक्याची आहे, आणि रात्री उशिरा प्रेत बघून कुणी पुन्हा तिकीट काढत नाही. पहिला प्रयोग तसा केला. झुंजारराव उत्तम झाला. मध्यंतर झालं, वडे संपले, ऑर्गनचा सूर लागला, लोक सैल होऊन बसले. पदं रंगली. आणि मग फाल्गुनराव तसबीर हातात घेऊन कृत्तिकेवर धावून गेला. ज्या जागेला हशा येतोच येतो त्या जागेला नाट्यगृहात कुणी हललं नाही. तासापूर्वी याच बाईवर असाच धावून आलेला माणूस त्यांनी पाहिला होता. आमचा फाल्गुनराव मुरलेला नट; त्यानं हशासाठी थांबायचं ते थांबून पाहिलं, आणि हशा न आल्यामुळे पुढचं वाक्य विसरला. प्रॉम्प्टरनं सावरलं. त्या रात्री देवलांचं विनोदी नाटक मी मारलं, हे माझ्या खात्यावर आहे.

दुसऱ्या प्रयोगाला मी हट्टानं क्रम फिरवला. आधी फाल्गुनराव. लोक मनमुराद हसले. तसबिरीला हसले, खिडकीला हसले, सगळे गैरसमज फिटून रेवती आणि तिचा अश्विनशेठ एकत्र आल्यावर टाळ्या वाजवून उठले. मध्यंतर. मग झुंजारराव, गद्य, एकही पद नाही. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी विचारलं होतं, दुसऱ्या नाटकात माझं काय काम, मी जेवून येऊ का? मी त्यांना म्हटलं, तुम्ही जागेवर बसा, फक्त ऑर्गनचं झाकण लावून बसा. ते सव्वा तास तसे बसले. पहिल्या नाटकात ज्या कोपऱ्यातून सूर येत होते, त्या कोपऱ्याकडे लोक मधूनमधून बघत होते. ही युक्ती मला आधी सुचलेली नव्हती, काकांच्या भुकेमुळे सुचली.

आणि रुमाल पडला. मी डाव्या विंगेत होते. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून दोघं-तिघं हसले. ते चुकून नव्हतं. वस्तू पडली की हसायचं, हे तासाभरात आम्हीच त्यांना शिकवलं होतं. जाधवरावाच्या बायकोनं रुमाल उचलला तेव्हाही एक जण हसला, आणि त्याच्या बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर शेवटपर्यंत कुणाचा आवाज आला नाही. पडदा पडल्यावर टाळ्यांनाही वेळ लागला. काही जण टाळ्या न वाजवताच गेले, आणि अध्यक्षांच्या मते त्यात पुढच्या प्रयोगाची दहा तिकिटं गेली. त्यांचं म्हणणं खरं निघालं. तिसऱ्या प्रयोगाला गर्दी कमी होती. क्रम मात्र मी परत बदलला नाही.

जोडी ठरवून लावली की यशस्वी होतेच असं मी म्हणणार नाही. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. एका संध्याकाळी तीन एकांकिका, क्रम चिठ्ठ्यांचा. मुलांना घेऊन मी बरीच वर्षं तिथं प्रेक्षक म्हणून जायची. चिठ्ठ्यांनी कधी कधी अशा जोड्या लावल्या आहेत की कुठल्या दिग्दर्शकाला सात जन्मांत सुचू नयेत. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची एकांकिका संपते आणि पाठोपाठ शहरातल्या कॉलेजच्या कॅन्टीनमधली पोरं काय खायचं यावर दहा मिनिटं घालवतात. परीक्षक दोघांना वेगवेगळे गुण देतात, द्यावेच लागतात. पण बाल्कनीत बसलेल्या माणसाला दुसरीतली थाळी पहिलीच्या उजेडातच दिसते. आणि त्या कॅन्टीनच्या पोरांवर तो अन्यायही असतो, त्यांचा काही दोष नसताना. म्हणून मी अलीकडे जोडी लावताना हाही विचार करते की कुठलं नाटक कुठल्या नाटकाचा बळी देतं आहे. आमच्या पहिल्या प्रयोगात झुंजाररावानं फाल्गुनरावाचा घेतला. दुसऱ्यात फाल्गुनरावाचं काही गेलं नाही.

मनात एक जोडी बरीच वर्षं आहे. 'मानापमाना'तला एखादा अंक, जुन्या थाटात, जरीचे शालू, सगळी पदं (यावेळी कापणार नाही), आणि त्यानंतर सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे'. थिएटर ॲकॅडमीनं १९७९ मध्ये केलेलं. संगीत नाटकांत किरकोळ बायकी कामं करून उरलेला बर्वे, उदबत्त्या विकणारा, आणि त्याच्या त्या पदांच्या जगात ओढले गेलेले दोन कारकून. आधी ते झगमगतं जग खरंखुरं दाखवायचं आणि मग त्याचा असा चुरा. पण भामिनी करायला गाणारी मुलगी हवी आणि बर्वे करायला गाणारा नट हवा, आणि आमच्याकडे सध्या दोन्ही कामांना मिळून एकच गळा आहे. तो त्या ऑर्गनवाल्या काकांचा, वय अडुसष्ट.

झुंजारराव-फाल्गुनराव पुन्हा करायचं ठरतं आहे. अडचण एकच. २०१९ च्या महापुरात आमच्या कपडेपटाच्या खोलीत छातीपर्यंत पाणी होतं. फाल्गुनरावाची तसबीर वरच्या खुंटीला होती, ती वाचली. झुंजाररावाची आमची जुनी प्रत खालच्या ट्रंकेत होती, लगदा झाली. माझ्याकडे तालमीची वही उरली, तीत फक्त आम्ही ठेवलेले प्रवेश आहेत, आणि शेवटचा प्रवेश तर मी शेक्सपिअरवरून स्वतःच जुळवलेला आहे, कारण त्या प्रतीची अखेरची पानं आम्हाला मिळाली तेव्हाच नव्हती. इंटरनेटवर कुणीतरी स्कॅन चढवला असेल, असं मुलं म्हणतात. मला हातात धरायला छापील हवी आहे. कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत 'झुंजारराव' ची पूर्ण प्रत असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. पोस्टाचा खर्च आम्ही देऊ, आणि प्रत झेरॉक्स काढून पंधरा दिवसांत परत करू.